नव्या राइडवर चाहते नाराज, कुटुंबं खूश: ऐकायचं कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पार्कमधली जुनी, लाडकी डार्क राइड (अंधाऱ्या इमारतीत गाडीत बसून एकेक प्रसंग बघत जायची राइड) बंद करून त्याच इमारतीत नवी राइड सुरू केली. सहा आठवडे झाले. चाहते रोज तिच्यावर तुटून पडतायत: फेरी छोटी झाली, शेवटचा प्रसंग फुसका आहे, यंत्रावर हलणारा मुख्य पुतळा अनेकदा हलतच नाही. उलट बाहेर पडणारी कुटुंबं हसत येतात आणि दारावरच्या सर्व्हेत ५ पैकी सरासरी ४.१ गुण आहेत. वरिष्ठ म्हणतात, चाहत्यांचं समाधान कधीच होत नसतं, सोडून द्या. तर ऐकायचं कुणाचं?

‘कुणाचं’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. दोन्ही गट खरंच बोलतायत, पण त्यांची तुलना वेगवेगळ्या गोष्टींशी चाललेली आहे. चाहता नव्या राइडला जुन्या राइडशी, घोषणेच्या वेळी दाखवलेल्या चित्रांशी आणि दुसऱ्या पार्कांमधल्या त्याच जातीच्या राइड्सशी ताडून बघतो. सामान्य पाहुणा तिला त्या दिवसाशी ताडतो: किती वेळ उभं राहिलो, पोरं रडली की खिदळली, सगळ्यांना एकत्र बसता आलं का, बाहेर आल्यावर डोकं गरगरलं का. म्हणून खरा प्रश्न असा होतो: कोणती तक्रार कोणाला नीट कळू शकते, आणि ती खरी आहे की नाही हे मोजायचं कसं?

एक गोष्ट मात्र तुमच्या पार्कवर अवलंबून आहे आणि ती आधी ठरवा. लोक आयुष्यात एकदोनदा लांबून येतात अशा पार्कात पहिल्या फेरीचा अनुभव हाच जवळजवळ सगळा अनुभव असतो. वार्षिक पासवर चालणाऱ्या पार्कात तीच माणसं वर्षभरात पुन्हा पुन्हा बसतात. तिथे आज चाहत्याला जे खटकतं ते बाकीच्यांना पुढच्या हंगामात खटकायला लागतं, कारण चाहता त्यांच्या दहाव्या फेरीचं मत आधीच देऊन बसलेला असतो. ‘दुसऱ्यांदा बसल्यावर नवीन काहीच दिसत नाही’ ही तक्रार पहिल्या प्रकारच्या पार्कात मी खालच्या क्रमांकावर ठेवेन, दुसऱ्या प्रकारच्या पार्कात पहिल्या तिनांत.

आता तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं. त्याला बळ देणारा दाखला आहे. फ्लोरिडातल्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कात १९७१ पासून चालणारी मिस्टर टोडची राइड सप्टेंबर १९९८ मध्ये बंद झाली. चाहत्यांनी पार्कात जमून निषेध केला. १९९९ मध्ये तिथे विनी द पूची राइड आली आणि ती लहान मुलांच्या कुटुंबांची आवडती होऊन आजवर टिकली. पण त्याच वर्षी डिस्नीच्याच, जवळच्या एपकॉट पार्कात उलट घडलं. १९८३ पासूनची कल्पनाशक्तीवरची राइड बदलून १९९९ मध्ये नवी, छोटी आवृत्ती आणली आणि फिगमेंट हा लाडका जांभळा ड्रॅगन जवळजवळ काढूनच टाकला. ती आवृत्ती २००१ मध्ये बंद करावी लागली आणि २००२ मध्ये फिगमेंटला परत आणून राइड पुन्हा सुरू झाली. दोन्ही वेळा चाहते चिडले होते. म्हणजे चाहत्यांच्या चिडण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, या बाजूनेही नाही आणि त्या बाजूनेही नाही.

फरक ओळखायला मी एक चाळणी वापरतो. प्रत्येक तक्रार घ्या आणि विचारा: जुनी राइड कधीच न पाहिलेल्या माणसालाही हे खटकेल का? ‘जुनं गाणं काढलं’ हे त्याला खटकणार नाही, कारण ते गाणं त्याला माहीतच नाही. ‘कोण पळतंय, कशासाठी पळतंय, कळलंच नाही’ हे त्याला खटकेल. ‘शेवट फुसका’ हेही खटकेल, फक्त तो ते शब्दांत मांडणार नाही. चाळणीतून खाली पडलेल्या तक्रारी दुःखातून आलेल्या असतात. त्यांना आदराने उत्तर द्यायचं असतं, राइड बदलायची नसते. वर उरलेल्या तक्रारींवर काम करायचं.

तुमच्या यादीतल्या तिन्ही तक्रारी या चाळणीत वर उरतात. एकेक घेऊ.

पुतळा हलत नाही, ही तक्रार सर्वांत आधी. इथे चाहता हा तुमचा फुकटचा तपासनीस आहे. तो वारंवार बसतो, काय व्हायला हवं ते त्याला पाठ असतं आणि काय झालं नाही ते तो वेळेसकट सांगतो. एकदाच बसणाऱ्याला पुतळा स्थिरच असायचा होता की बिघडला होता हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे सर्व्हेत ‘पुतळा बंद होता’ असं कोणी लिहीत नाही आणि व्यवस्थापन समजतं की लोकांना फरक पडत नाही.

याचं साधं गणित मांडून दाखवा. समजा राइडमध्ये १२ महत्त्वाचे इफेक्ट आहेत आणि प्रत्येक इफेक्ट ९५ टक्के वेळ नीट चालतो. देखभाल विभागाच्या कागदावर ९५ टक्के चांगलेच दिसतात. पण एका फेरीत बाराच्या बारा चालू असण्याची शक्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ५४ टक्के. बिघाड एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर जवळजवळ निम्म्या गाड्यांना अर्धवट राइड मिळते. तेच प्रमाण प्रत्येकी ९९ टक्क्यांवर नेलं तर पूर्ण राइड मिळणाऱ्या गाड्या ८९ टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणून इफेक्टनिहाय टक्केवारी मागू नका; ‘आज किती फेऱ्यांमध्ये सगळं चालू होतं’ हा आकडा मागा. रोज सकाळी उघडण्याआधी एक फेरी, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि प्रत्येक फेरीत ठरलेल्या यादीवर खुणा. हायड्रॉलिक गळती, सेन्सरवर बसलेली धूळ, तापल्यामुळे स्वतःहून बंद होणारी मोटर हे बिघाड बहुतेक दुपारनंतर दिसतात. सकाळची एकच तपासणी ठेवली तर नोंदवही स्वच्छ आणि राइड अर्धवट, अशी स्थिती होते.

‘सामान्य लोकांच्या लक्षात येत नाही’ या वाक्याची मला काळजी वाटते. डिस्नीच्याच ॲनिमल किंगडम पार्कातली एक्सपिडिशन एव्हरेस्ट ही राइड २००६ मध्ये सुरू झाली. तिच्या शेवटी प्रवाशांवर झेपावणारा भलामोठा यती होता. सुरुवातीच्या काळातच त्याची हालचाल थांबली आणि तेव्हापासून तो उभ्या जागी, लुकलुकत्या दिव्यांत दाखवला जातो. चाहते वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलतायत, राइडपुढची रांग मात्र कायम आहे. यावरून यती बिनमहत्त्वाचा होता असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. ती राइड उत्तम रोलर कोस्टर असल्यामुळे तरली: उंची आहे, मध्येच उलट्या दिशेने धावणारी गाडी आहे, अंधार आहे. डार्क राइडकडे असा आधार नसतो. तिथे मुख्य पुतळा गेला की मागे उरतो तो सजवलेला बोगदा.

पुतळा दुरुस्त होईपर्यंत काय करायचं? प्रत्येक मोठ्या इफेक्टला पर्यायी रूप हवं, ज्याला या क्षेत्रात बी-मोड म्हणतात. पुतळा बंद असेल तर त्याच्यावरचा दिवा मंद करून सावली पडद्यावर टाकायची, आवाजाची दिशा बदलायची, नजर दुसऱ्या हालचालीकडे वळवायची. बंद पुतळ्यावर पूर्ण प्रकाश ठेवणं हा सर्वांत वाईट पर्याय, आणि तोच सर्वांत जास्त दिसतो, कारण बी-मोड आधी लिहून ठेवलेलाच नसतो.

दुसरी तक्रार, शेवट फुसका. इथे घाईने प्रसंग बदलायला जाऊ नका. आधी शेवटच्या प्रसंगापासून उतरण्याच्या जागेपर्यंत गाडीला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजा. फुसका शेवट म्हणून जे सांगितलं जातं त्याच्या मुळाशी पुष्कळदा गाड्यांची साचलेली रांग असते. स्टेशनवर बसवायला आणि उतरवायला वेळ लागला की मागच्या गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबतात. ते ठिकाण शेवटच्या प्रसंगानंतरचा उजेडी, कोरा बोगदा असेल, तर लोक तिथे मिनिट-दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसतात. संगीत संपलेलं, पुढच्या गाडीतलं कोणी मागे वळून पाहतंय, एखादं मूल ‘झालं का?’ विचारतंय. प्रसंग कितीही भारी असला तरी लोकांसोबत बाहेर पडतो तो हा बोगदा. गाडी त्याहून वाईट जागी, म्हणजे प्रसंगाच्या आतच थांबली, तर पुतळा तेच वाक्य तीनदा बोलतो आणि सगळी जादू उतरते.

म्हणजे चाहत्याने कथेबद्दल केलेली तक्रार प्रत्यक्षात स्टेशनवरच्या सेकंदांची असू शकते. आणि त्याच सेकंदांतून सामान्य पाहुण्याची सर्वांत मोठी तक्रार, रांग, तयार होते. हिशेब असा: गाडीत ८ जागा आणि दर १८ सेकंदांनी एक गाडी सुटते असं डिझाइन असेल, तर तासाला २०० गाड्या, १,६०० माणसं. प्रत्यक्षात गाडी २४ सेकंदांनी सुटायला लागली की १५० गाड्या, १,२०० जागा. तीन-तीन, पाच-पाच जणांच्या कुटुंबांमुळे जागा रिकाम्या राहून ८० टक्केच भरल्या तर तासाला ९६० माणसं. रांगेत ८०० लोक असतील तर कागदावर अर्धा तास, प्रत्यक्षात ५० मिनिटं. त्यात पैसे भरून पुढे जाणाऱ्यांच्या रांगेला निम्म्या जागा दिल्या, तर साध्या रांगेतल्या त्याच ८०० लोकांना १०० मिनिटं उभं राहावं लागतं. चार-साडेचार मिनिटांच्या फेरीसाठी १०० मिनिटं. इथे ‘फेरी छोटी आहे’ ही तिसरी तक्रारही येऊन मिळते, कारण फेरी किती छोटी वाटते ते ती थांबण्याच्या तुलनेत ठरतं.

डिस्नीलँडमधल्या रॉकेट रॉड्सचं हेच झालं. १९९८ मध्ये ती राइड पीपलमूव्हर या जुन्या, संथ राइडच्या मार्गावर बसवली. त्या मार्गाच्या वळणांना वेगासाठी लागणारा तिरकस उतार नव्हता. त्यामुळे गाडी सरळ भागात जोरात पळायची आणि प्रत्येक वळणाआधी वेग कमी करायची. बिघाड वाढले, रांगा लांबल्या, २००० मध्ये राइड बंद पडली. पीपलमूव्हर गेल्याचं दुःख करणारा चाहता आणि लांब रांगेला वैतागलेला पाहुणा दोघेही वेगवेगळ्या शब्दांत त्या जुन्या मार्गाबद्दलच बोलत होते.

तेव्हा स्टेशनवर तीन टप्प्यांचा वेळ वेगवेगळा मोजा: गाडी थांबल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंत, पहिला माणूस चढल्यापासून सगळे बसेपर्यंत, आणि लॅप बार (मांडीवर बसणारा सुरक्षेचा दांडा) तपासून हिरवा इशारा मिळेपर्यंत. सगळ्यांत जास्त वेळ कशात जातो ते एका दुपारीत कळतं. बहुतेक वेळा पिशव्या ठेवणं आणि कोण कुठे बसणार याची चर्चा यातच सेकंद जातात. गट किती जणांचा ते रांगेच्या शेवटच्या वळणावरच विचारून ओळ नेमून द्या, पिशवी कुठे ठेवायची ते चढण्याआधी चित्राने दाखवा, आणि एकट्याने बसायला तयार असलेल्यांची छोटी वेगळी रांग ठेवा. रिकाम्या जागा तिथून भरतात. लॅप बारच्या तपासणीतून मात्र एक सेकंदही कापायचा नाही. तो वेळ जितका लागतो तितका लागतो.

एवढं करूनही गाड्या साचत असतील तर थांबण्याची जागा सजवा. त्या बोगद्यात शेवटच्या प्रसंगाचं संगीत चालू ठेवा, उजेड कमी करा, भिंतीवर कथेतली पुढची एखादी गोष्ट दिसू द्या. मोठ्या प्रसंगाच्या तुलनेत हे काम फार स्वस्त आहे आणि काही रात्रींत होतं.

शेवटच्या प्रसंगाची आणखी एक तपासणी, जी डिझाइनच्या टेबलावर हमखास राहून जाते: प्रत्येक सीटवरून काय दिसतं. फोन हातात घेऊन सगळ्या जागांवरून एकेक फेरी करा, एकदा मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि एकदा सुमारे ११० सेंटिमीटर उंचीच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून. मागच्या ओळीतल्या उजव्या कोपऱ्यातून पुतळ्याचा चेहरा पुढच्या माणसाच्या डोक्यामागे जात असेल, तर काही लोकांसाठी तुमच्या राइडला शेवटच नाही. चाहत्याला चांगली जागा कोणती ते माहीत असतं आणि तो ती मागून घेतो. सामान्य पाहुणा मिळेल तिथे बसतो. आवाजही भरलेल्या गाडीत तपासा. माणसं आवाज शोषतात आणि पोरं किंचाळतात. रिकाम्या गाडीत स्वच्छ ऐकू आलेलं वाक्य भरलेल्या गाडीत हरवतं. कथेची किल्ली ज्या वाक्यात आहे तेच हरवलं तर ‘कथा कळली नाही’ ही तक्रार रास्त आहे.

कोस्टर असेल तर ही गोष्ट आणखी ठळक होते, म्हणून ओघात सांगतो. सकाळी चाकं आणि बेअरिंगमधलं ग्रीस थंड असताना गाडी हळू धावते, दुपारी तापल्यावर वेगाने. चाकांच्या वरच्या जागा जास्त हादरतात, दोन चाकांच्या मधल्या जागा कमी. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांची उसळी वेगळी. त्यामुळे दोन माणसांची मतं एकमेकांविरुद्ध गेली तर आधी वेळ आणि ओळ विचारा. ते दोघं जवळजवळ दोन वेगळ्या राइड्सबद्दल बोलत असू शकतात.

आता तुमचे ४.१ गुण. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. समजा शंभरातल्या ३५ जणांनी ५ दिले, ४५ जणांनी ४, १५ जणांनी ३ आणि ५ जणांनी २. सरासरी ४.१. दुसरीकडे ६५ जणांनी ५, १२ जणांनी ४, ५ जणांनी ३, ४ जणांनी २ आणि १४ जणांनी थेट १ दिला. सरासरी तीच, ४.१. पहिली राइड बरी आहे, कोणाला फारशी झपाटून टाकत नाही. दुसरी बहुतेकांना प्रचंड आवडते, पण दर सात जणांतल्या एकाला तिने काहीतरी वाईट केलंय: मळमळ, भीती, डोकं आपटणं. दोघींची औषधं पूर्ण वेगळी. म्हणून सरासरी सोडा, ५ देणाऱ्यांचं आणि १-२ देणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळं बघा, आणि १-२ देणाऱ्या प्रत्येकाला कारण विचारा.

त्या तळाच्या गटात भीती किंवा मळमळ पुन्हा पुन्हा आली तर तिथे चाहत्यांचं प्रेमसुद्धा दिशाभूल करतं. मॅजिक किंगडममधला एलियन एन्काउंटर १९९५ मध्ये सुरू झाला. अंधारात, खांद्यांवर बार घट्ट बसलेला असताना मानेवर श्वास सोडणारा प्राणी. चाहते आजही त्याची आठवण काढतात, पण लहान मुलांच्या पार्कात तो अनेक मुलांसाठी फार भीतिदायक होता. २००३ मध्ये तो बंद झाला. एपकॉटमधली मिशन स्पेस गोल फिरणाऱ्या यंत्रावर चालते आणि तिच्यात कित्येकांना मळमळायचं. २००६ मध्ये तिथे न फिरणारा सौम्य पर्याय सुरू केला आणि नारिंगी व हिरव्या रंगांनी दोन्ही वेगळे दाखवले. तीव्रता कमी करण्याऐवजी निवड दिली. शक्य असेल तिथे मला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो, कारण त्यात दोन्ही गटांपैकी कोणाचाच बळी जात नाही.

सर्व्हे कोणाचा झालाय हेही तपासा. सुरुवातीच्या आठवड्यांत पासधारकांची गर्दी असते. समजा तुमच्या नमुन्यात ४५ टक्के पासधारक आहेत, पण वर्षभराच्या गर्दीत ते १५ टक्केच असतात. पासधारकांपैकी ३० टक्के ५ गुण देतात, बाकीच्यांपैकी ७० टक्के. कच्चा आकडा ५२ टक्के येतो. वर्षभराच्या प्रमाणात वजन दिलं की ६४ टक्के. उलटही होतं: दाराशी उभी असलेली मुलगी राइडच्या पोशाखात आणि हसतमुख असेल तर लोक तिचं मन राखायला ४ देतात. विचारणाऱ्याला साधे कपडे द्या. ठरावीक अंतराने येणारा गट, उदाहरणार्थ दर दहावा, थांबवा. हसणाऱ्यांना निवडू नका. उघडल्यानंतरचा पहिला तास, दुपार, संध्याकाळ आणि शेवटचे दोन तास, तसंच सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस, सगळं घ्या. नकार देऊन झपाझप निघून गेलेल्यांचीही नोंद ठेवा. ४०० उत्तरांवर टक्केवारीत साधारण ५ टक्क्यांची इकडेतिकडे चूक धरायची, १०० उत्तरांवर १० ची. त्यामुळे ज्या गटाबद्दल वेगळं काही म्हणायचं असेल त्यात किमान १०० उत्तरं हवीत. लहान मुलांसह आलेल्या २३ कुटुंबांवरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न पाचाहून जास्त नकोत. किती गुण, किती वेळ थांबलात, पार्कात आधी आला होतात का, पुन्हा बसाल का, आणि सर्वांत महत्त्वाचा: कोणता क्षण आठवतो? हा शेवटचा प्रश्न पर्याय न देता विचारायचा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. लोक चांगले गुण सहज देतात, पण न घडलेला क्षण आठवून सांगू शकत नाहीत. शंभरातल्या थोड्यांनीच शेवटच्या प्रसंगाचं नाव घेतलं आणि बहुतेकांनी मधल्याच एखाद्या धबधब्याचं किंवा माकडाचं घेतलं, तर चाहते शेवटाबद्दल बरोबर बोलतायत. ४.१ असले तरीही. संध्याकाळी पार्कच्या मुख्य दारावर वेगळ्या लोकांना विचारा: आज काय काय आवडलं? राइडचं नाव स्वतःहून किती जण घेतात ते मोजा. दारावरचे हसरे चेहरे आणि चार तासांनंतरची आठवण यांत फार अंतर पडलं तर राइड गोड आहे पण हलकी आहे, एवढं नक्की समजायचं.

जे बसलेच नाहीत त्यांनाही विचारायला विसरू नका. रांग सोडून गेलेले, उंचीच्या पट्टीवर अडलेले, धीर न झाल्याने माघारी फिरलेले हे लोक ना चाहत्यांच्या चर्चेत असतात ना बाहेरच्या सर्व्हेत. १०२ सेंटिमीटरच्या आणि १२२ सेंटिमीटरच्या मर्यादेत कितीतरी मुलांचा फरक असतो. जुनी राइड सगळ्यांना खुली होती आणि नवीला उंचीची अट आली असेल, तर धाकट्या भावंडाला घेऊन बाहेर थांबणारी आई तुमच्या आकड्यांत कुठेच नाही. तिला अदलाबदलीने, म्हणजे आधी एक पालक आणि मग पुन्हा रांग न लावता दुसरा, असं बसता येतं का आणि ते तिला रांगेच्या सुरुवातीलाच कोणी सांगतं का, एवढं बघा.

काय बदलता येईल याचा क्रम खर्चावरून लावा. आवाज, प्रकाश, इशारे, पाट्या, स्टेशनवरची माणसांची मांडणी, बी-मोड: दिवस ते आठवडे. संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करणं, पडद्यावरचं चित्रण बदलणं: महिने. नवा पुतळा किंवा नवा प्रसंग: पुढची देखभालीची मोठी सुट्टी. मार्ग आणि फेरीची लांबी: बदलणार नाही असंच धरा. वेग, ब्रेक, गाड्यांमधलं अंतर किंवा नियंत्रण-प्रोग्राम यांना हात लावायचा असेल तर निर्मात्याची लेखी मान्यता, गाडीत माणसांच्या वजनाचे चाचणी-पुतळे बसवून चाचणी आणि तुमच्याकडे लागू असलेल्या सुरक्षा-मानकानुसार तपासणी झाल्याशिवाय काही करायचं नाही, चाहते कितीही म्हणोत.

चाहत्यांशी बोलण्याबद्दल. ‘आम्ही तुमचं ऐकतोय’ एवढंच वाक्य त्यांना आणखी चिडवतं, कारण ते तपशिलात जगणारी माणसं आहेत. त्यांना तपशील द्या: मुख्य पुतळ्याचा अमुक भाग बदलतोय, तोवर दुसरं दृश्य चालेल, थांबण्याच्या बोगद्यात संगीत जोडलंय, फेरीची लांबी बदलणार नाही. न होणारी गोष्ट स्वच्छ नाही म्हणून सांगितली की निम्मा वाद तिथेच शमतो. आणि तारीख पक्की नसेल तर तारीख देऊ नका. पुढच्या वेळी घोषणेच्या चित्रात जो इफेक्ट अजून बजेटमध्ये पक्का नाही तो दाखवू नका. चित्रात बारा पुतळे आणि राइडमध्ये सात, हा अपेक्षाभंग तुम्ही स्वतः तयार केलेला असतो. फेरी किती मिनिटांची, उंचीची अट किती, भिजायला होतं का, अंधार किती, हे उघडण्याआधीच सांगून टाका. चाहत्याला वाद घालायला कमी उरतं आणि आईबापांना निर्णय सोपा होतो.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. पहिल्या आठवड्यात फक्त मोजणी: फेरीनिहाय इफेक्ट, स्टेशनचे सेकंद, शेवटच्या बोगद्यातला थांबा, सीटनिहाय चित्रण. दुसऱ्या आठवड्यात स्टेशन आणि बोगदा दुरुस्त, पुतळ्याचा बी-मोड चालू. मग नव्या पद्धतीचा सर्व्हे, किमान ४०० उत्तरांचा, आणि वरिष्ठांसमोर सरासरी न ठेवता तीन आकडे: सगळं चालू असलेल्या फेऱ्यांचं प्रमाण, १-२ गुण देणाऱ्यांचं प्रमाण आणि शेवटचा प्रसंग स्वतःहून आठवणाऱ्यांचं प्रमाण. पुतळा दुरुस्त होऊन, गाड्या साचायच्या थांबूनही तिसरा आकडा हलला नाही, तर दोष प्रसंगाच्या रचनेत आहे. त्यासाठी पुढच्या मोठ्या सुट्टीचं बजेट आत्ताच मागून ठेवा, कारण पुतळ्यांचे भाग बनवून यायला महिनोन्‌महिने लागतात आणि मागणी उशिरा गेली की ती सुट्टी हुकते.